गाय-म्हैस माजावर येत नाही? हार्मोनचं इंजेक्शन टोचायच्या आधी अन् नंतर काय करायचं

"डॉक्टर, माजाचं इंजेक्शन देऊन टाका" असं म्हणणारे आपल्याकडं लय आहेत राजेहो, अन् न तपासता देऊन टाकणारेही कमी नाहीत. आधी एक गोष्ट डोक्यात घ्या, माजाचं म्हणून एकच इंजेक्शन नसतं. तीन-चार वेगवेगळी औषधं आहेत, प्रत्येकाचं काम वेगळं, अन् चुकीच्या दिवशी टोचलं तर एक तर काहीच होत नाही, नाही तर गाभण गाय गाभ टाकून मोकळी होते. मी डॉक्टर नाही, आमच्या कोठ्यात दोन गवळाऊ जातीच्या गाई, एक संकरित अन् एक नागपुरी म्हैस आहे, अन् वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजाकडं ज्यांच्या दारात दोन ते दहा ढोरं आहेत अशा लोकांना डोळ्यासमोर ठेवून हे लिहितोय. सुई डॉक्टरनंच टोचायची, पण त्याला अर्धी माहिती आपणच देतो, अन् ती चुकली की पुढचं सगळं चुकतं.

आधी कॅलेंडर

कोठ्यात खुंटीला एक कॅलेंडर टांगा अन् त्याला दोरीनं पेन बांधून ठेवा, नाही तर पेन पोरं घेऊन जातात. दुधाचा हिशेब आपण लिहितो, ढेपेच्या पोत्याची उधारी लिहितो, पण गाय माजावर कधी आली होती विचारलं की "पोळ्याच्या आसपास" असं उत्तर. त्या उत्तरावर कोणताच डॉक्टर काही करू शकत नाही, कारण हा सगळा मामला दिवसांचा अन् तासांचा आहे.

लिहायचं काय तर व्याल्याची तारीख, जार किती वेळात पडली (१२ तासांच्या आत पडली तर ठीक, २४ तास उलटले तर तेही लिहा), माज दिसला ती तारीख अन् सकाळ का संध्याकाळ, सोट, म्हणजे योनीतून येणारा चिकट स्राव, कसा होता, भरवलं कधी, कोणत्या वळूची स्ट्रॉ, म्हणजे रेताची नळी, अन् इंजेक्शन दिलं असेल तर त्याचं नाव. नाव लक्षात राहत नाही, म्हणून रिकाम्या खोक्याचा नावाचा तुकडा फाडून त्याच तारखेच्या चौकोनात चिकटवा. पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर आला तरी त्याला एका नजरेत कळतं.

गाईचं चक्र सरासरी २१ दिवसांचं, १८ ते २४ पर्यंत चालतं. म्हशीचंही तेवढंच धरा. त्यातला खरा माज फक्त १२ ते १८ तासांचा. गाईचं बीज, म्हणजे अंडं, मात्र माजात सुटत नाही, माज संपल्यावर साधारण १०-१२ तासांनी सुटतं. म्हणून तो जुना नियम, सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हा नियम कोण्या बुवानं सांगितलेला नाही, १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या नेब्रास्कात ट्रिमबर्गर नावाच्या संशोधकानं गाई भरवण्याच्या वेळा बदलून बदलून पाहिल्या, त्यातून तो पक्का झाला. आपल्याकडं लोक काय करतात, गाय हंबरायला लागली की धावपळ करून तासाभरात एआयवाल्याला, म्हणजे कृत्रिम रेतन करणाऱ्याला, आणतात अन् मग उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली, की स्ट्रॉला शिव्या घालतात.

माज पाहायचा म्हणजे पाहायचा, धार काढता काढता नजर टाकायची नाही. पहाटे अन् रात्री, दोन्ही वेळेस वीस-पंचवीस मिनिटं नुसतं उभं राहून पाहायचं. दुसरी गाय अंगावर चढली अन् ही हलली नाही, शांत उभी राहिली, ही सगळ्यात पक्की खूण. सोट काचेसारखा स्वच्छ अन् लांब तार धरणारा पाह्यजे, शेपटीच्या गोंड्याला अन् मांडीला लागून वाळलेला दिसतो, वाळल्यावर तिथले केस चिकटून चकाकतात, तेवढ्यावरनंही रात्रीचा माज सकाळी ओळखता येतो. सोटात पांढुरके धागे किंवा पू दिसला तर भरवूच नका, आधी गर्भाशय धुवायचं का औषध सोडायचं ते डॉक्टर पाहील. दिवसभर खुंट्याला बांधलेलं जनावर कोणावर चढणार, त्यामुळं अर्धा तास तरी मोकळं सोडा, अन् रानात जात असतील तर गुराख्याला विचारा, त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

म्हशीचं निराळं आहे. ती चढाचढी फारशी करत नाही. घडीघडी थोडं थोडं मुतणं, दूध अचानक कमी होणं, पान्हा चोरणं, योनी सुजल्यासारखी दिसणं, एखाद्या वेळेस रेकणं, बस. अन् उन्हाळ्यात तर बहुतेक माज रात्रीच येतो अन् जातो. याला मुका माज म्हणतात, अन् माजावर येतच नाही म्हणून बाजारात नेलेल्या कितीतरी म्हशी खरं तर दर २१ दिवसांनी येत होत्या, पाहणारंच कोणी नव्हतं.

इंजेक्शनच्या आधी हात घालून तपासणी

जनावर माजावर येत नाही याची कारणं चार. ते आधीच गाभण आहे, हे पहिलं अन् लोक हेच विसरतात, गावातला मोकाट गोऱ्हा काही तुमची परवानगी घेत नाही. दुसरं, येतंय पण दिसत नाही. तिसरं, गर्भाशयात बिघाड आहे, पू आहे, किंवा बीजकोशावर, म्हणजे अंडाशयावर, पाण्याची गाठ झालीय. चौथं, बीजकोशच झोपलेत, जनावर खंगलंय. या चौघांचा इलाज चार तऱ्हेचा, अन् बाहेरून पाहून कोणालाच सांगता येत नाही कोणतं आहे. म्हणून गुदद्वारातून हात घालून तपासणं किंवा सोनोग्राफी, हे झाल्याशिवाय सुई नको. तपासायला वेळ नाही म्हणणाऱ्याला टोचायलाही वेळ देऊ नका.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण हे कळलं की कोणतं इंजेक्शन काहून देतात ते कळतं. मेंदूच्या तळाशी एक भाग आहे, तिथून जीएनआरएच नावाचा हार्मोन निघतो अन् त्याच्या खालच्या पियुषिका ग्रंथीला कामाला लावतो. ती ग्रंथी एफएसएच अन् एलएच सोडते, त्यांच्यामुळं बीजकोशावर फोड वाढतो, म्हणजे फॉलिकल. फॉलिकलमधून इस्ट्रोजेन निघतं, त्यानं जनावर माजावर येतं. मग एलएचचा मोठा झटका येतो, फॉलिकल फुटतं, बीज सुटतं. फुटल्या जागी पीतपिंड तयार होतो, डॉक्टर लोक त्याला सीएल म्हणतात, तो प्रोजेस्टेरॉन सोडतो. प्रोजेस्टेरॉन आहे तोवर माज नाही. गाभ राहिला तर हा पीतपिंड शेवटपर्यंत टिकतो, नाही राहिला तर सोळाव्या-सतराव्या दिवशी गर्भाशयच प्रोस्टाग्लँडिन सोडतं, पीतपिंड विरघळतो अन् चक्र पुन्हा सुरू.

हे सगळं कळलं ते ढोरा-डुकरांच्याच जिवावर. शॅली नावाच्या शास्त्रज्ञानं कत्तलखान्यातून डुकरांच्या मेंदूचे तुकडे जमवले, गिलेमिन यांनी मेंढ्यांच्या, अन् लाखो तुकड्यांतून चिमूटभर पदार्थ काढून १९७१ मध्ये जीएनआरएचची रचना समजली. फक्त १० अमिनो आम्लांची साखळी. १९७७ चं नोबेल त्या दोघांना मिळालं, अन् त्यांच्यासोबत रोझालिन यालो यांना, ज्यांनी रक्तातला अगदी सूक्ष्म हार्मोन मोजायची पद्धत काढली. प्रोस्टाग्लँडिनचंही तसंच, गर्भाशयच पीतपिंडाला संपवतं हे मॅक्रॅकन अन् त्यांच्या साथीदारांनी १९७२ मध्ये मेंढीवरच दाखवलं. आज तालुक्याच्या मेडिकलात जी बुसेरेलिनची बाटली मिळते ती त्या दहाच्या साखळीचीच थोडी बदललेली नक्कल आहे.

पीजी: सगळ्यात जास्त वापरलं जाणारं अन् सगळ्यात जास्त चुकीचं वापरलं जाणारं

क्लोप्रोस्टेनॉल किंवा डायनोप्रॉस्ट, ही प्रोस्टाग्लँडिनचीच औषधं, बोलताना सगळे पीजीच म्हणतात. हे पीतपिंड विरघळवतं, एवढंच याचं काम. म्हणजे पीतपिंड असेल तरच हे चालतं. चक्राच्या पहिल्या पाच दिवसांत पीतपिंड कोवळा असतो, तेव्हा दिलं तर वाया. बीजकोश झोपलेले असतील तर पीतपिंडच नाही, तेव्हाही वाया. अन् जनावर गाभण असेल तर तोच पीतपिंड गाभ धरून ठेवत असतो, तो विरघळला की गाभ पडला. म्हणून तपासणीवर मी एवढा जोर देतोय. योग्य जनावराला दिलं तर दोन ते पाच दिवसांत माज येतो, या दिवसांत बाहेरगावी जाऊ नका, लग्नाचं आवतण असलं तरी घरी एक माणूस माज पाहायला ठेवा.

आता हे नीट वाचा. पीजीचं औषध चामडीतून अंगात शिरतं. गरोदर बाईनं त्याला हातच लावायचा नाही, तिचा गर्भ पडू शकतो. दमा असलेल्या माणसालाही त्याच्यानं श्वास लागू शकतो. आपल्याकडं डॉक्टर आला की गाईला धरायला घरची सून किंवा पोरगीच उभी राहते, गाय तिच्याच हाताची असते ना, अन् सिरिंज-बाटली तिच्याच हातात देतात. हे बंद करा. दुसऱ्या कोणाला धरायला लावा, टोचणाऱ्यानं हातमोजे घालावे, चामडीवर सांडलं तर लगेच साबण-पाण्यानं धुवा, रिकामी बाटली अन् सुई उकिरड्यावर फेकू नका, डॉक्टरला परत न्यायला सांगा.

सोमवार, सोमवार, बुधवार, गुरुवार

आता ज्याच्यासाठी बरेच जण विचारतात ती पद्धत, ओव्हसिंक. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात पर्सली, मी (हे आडनाव आहे, Mee) अन् विल्टबँक या तिघांनी १९९५ मध्ये ही मांडली. तिथं एकेका फार्मवर शेकडो गाई, माज पाहणार कोण, म्हणून त्यांनी असा हिशेब बसवला की माज न पाहताच ठरल्या वेळी भरवता यावं. आपल्याकडं गाई शेकड्यानं नाहीत, पण सोयाबीन काढायच्या दिवसांत किंवा कापूस वेचणीत माज पाहायला माणूसच नसतो, म्हणून आपल्यालाही कामाची.

मी वार ठरवून सांगतो, म्हणजे रविवारी कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. पहिल्या सोमवारी सकाळी ८ वाजता जीएनआरएच, म्हणजे बुसेरेलिन. यानं त्या वेळी असलेलं मोठं फॉलिकल फुटतं अन् फॉलिकलची नवी लाट सुरू होते. सात दिवसांनी, पुढच्या सोमवारी सकाळी ८ वाजता पीजी, यानं पीतपिंड विरघळतो. त्यानंतर ५६ तास मोजा, म्हणजे बुधवारी दुपारी ४ वाजता पुन्हा जीएनआरएच, यानं सगळं बीज एका ठरल्या वेळेला सुटायच्या मार्गाला लागतं. मग १६ तासांनी, गुरुवारी सकाळी ८ वाजता रेतन. माज दिसो न दिसो, भरवायचं.

यात लोक कुठं घसरतात तर बुधवारी. "साहेब, बुधवारी यायला जमत नाही, गुरुवारीच दोन्ही करू", असं केलं की झालं, पद्धत मोडली. चारपैकी एकही वेळ चुकवायची असेल तर सुरूच करू नका, पैसे वाचतील. आठवडी बाजार, सण, डॉक्टरची मीटिंग, सगळं पाहून मगच पहिला सोमवार पकडा. अन् चारही तारखा त्या कॅलेंडरवर आधीच गोल करून ठेवा, घरातल्या सगळ्यांना दिसतील अशा.

मधेच माज दिसला तर? दुसऱ्या सोमवारच्या आधीच पक्का माज दिसला, तर पुढची सुई थांबवा अन् सकाळ-संध्याकाळच्या नियमानं भरवा. पीजीनंतर मंगळवारी-बुधवारी सकाळीच उभा माज दिसला तरी तसंच, डॉक्टरला फोन करून सांगा, गुरुवारची वाट पाहत बसू नका.

अन् आशा किती धरायची तेही सांगून ठेवतो. चांगल्या अंगाच्या, चक्र सुरू असलेल्या गाईंतही या पद्धतीनं एका वेळेस दहापैकी साधारण तीन-चार गाभण राहतात. नैसर्गिक माज नीट पाहून नीट वेळेला भरवलं तरी आकडा काही फार वेगळा नसतो. म्हणजे ज्याला माज पाहता येतो त्याला यातून जास्तीचं काही मिळत नाही, माझं तर स्पष्ट मत आहे की दोन गाईवाल्यानं आधी महिनाभर पहाटे उठून पाहावं, मग सुईचा विचार करावा. कालवडींत ही पद्धत गाईइतकी चालत नाही, तेही लक्षात ठेवा.

बीजकोश झोपलेले असतील तेव्हा

ही आपल्याकडची खरी अडचण. मार्च लागला की हिरवं संपतं, मग गव्हाचं अन् सोयाबीनचं कुटार, पूर्वेकडं भंडारा-गोंदियात धानाची तणस, त्यावर मूठभर ढेप, अन् त्यातच गाय दूध देतेय. व्याल्यावर गाय जेवढं खाते त्याच्यापेक्षा जास्त दुधातून काढते, अंगावरची चरबी झडते, अन् मेंदू समजतो की आता पोट भरायची मारामार आहे, वासराचं नंतर पाहू. जीएनआरएचचे ठोके मंदावतात, एलएच कमी पडतं, फॉलिकल वाढतं पण फुटण्याइतकं मोठं होत नाही. वासरू दिवसभर पिलं तरीही हेच ठोके दबतात, म्हणून वासरू दोन वेळा पाजून वेगळं बांधा.

अशा जनावराला कोणताही हार्मोन देऊन फायदा नाही, हे मी ठासून सांगतो. हार्मोन म्हणजे गावच्या दवंडीवाल्यासारखा, तो निरोप पोचवतो, धान्य आणून देत नाही. आधी जंताचं औषध द्या, मग रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण, चारचौघांत चालतं ते मीठ-हळद नाही, खरं खनिज मिश्रण, आंबोणात कालवून. मका किंवा ज्वारीचा भरडा वाढवा, नुसती ढेप घालून चालत नाही, ढेपेत प्रथिनं आहेत पण ताकदीला धान्य लागतं. कुटारावर युरियाची प्रक्रिया कृषी विज्ञान केंद्रवाल्यांकडून नीट शिकून करा, अंदाजानं युरिया शिंपडला तर विषबाधा होते. पाठीमागून पाहा, कंबरेची हाडं टोकदार दिसत असतील अन् बरगड्या दुरून मोजता येत असतील तर दोन महिने खाऊ घालणं हाच इलाज. अंग भरलं की बऱ्याच गाई सुईशिवायच येतात.

अंग भरूनही आली नाही, तपासणीत पीतपिंड नाही, तर मग प्रोजेस्टेरॉनचं उपकरण. इंग्रजी टी किंवा वायच्या आकाराचं असतं, योनीत ठेवतात, सात-आठ दिवसांनी ओढून काढतात. आत असताना ते खोट्या पीतपिंडाचं काम करतं, काढलं की अंगातलं प्रोजेस्टेरॉन एकदम उतरतं अन् मेंदूला वाटतं आता चक्र सुरू करा. काढायच्या दिवशी पीजी अन् बऱ्याचदा घोडीच्या रक्तातून काढलेलं पीएमएसजी देतात. हो, घोडीच्याच. गाभण घोडीच्या रक्तात असा पदार्थ असतो हे कोल अन् हार्ट यांनी १९३० मध्ये कॅलिफोर्नियात शोधलं होतं. त्यानं फॉलिकल जोमानं वाढतं, पण डोस जास्त झाला तर दोन-तीन बीजं सुटतात अन् जुळ्यांची भानगड होते, म्हणून मात्रा डॉक्टरवर सोडा. आपलं काम एवढंच की उपकरण ठेवताना योनी स्वच्छ धुतलेली असावी, बाहेर लोंबणारी दोरी छोटी कापून घ्या, नाही तर शेजारची कालवड चघळून ओढून काढते, अन् काढताना थोडा घाण पांढरा स्राव आला तर घाबरू नका, भरपूर पू अन् वास असेल तर मात्र सांगा.

म्हैस अन् वैशाख

म्हशीचं चक्र दिवस-रात्रीच्या लांबीवर चालतं. रात्र मोठी झाली की मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन जास्त वेळ सुटतं, अन् म्हैस ते वाचून माजाला लागते. म्हणून नागपुरी असो की पूर्णाकाठची भुरी पूर्णाथडी, दिवाळीपासून थंडीभर पटापट येतात अन् वैशाखात गप्प. संशोधकांनी तर मेलाटोनिनच्या गोळ्या म्हशीच्या कानामागे चामडीखाली बसवून उन्हाळ्यात चक्र सुरू करून पाहिलंय. आपल्याला ते काही परवडत नाही, पण यातून एवढं शिकायचं की ४५ अंशांत म्हशीवर हार्मोनचा खर्च करणं म्हणजे पैसे नाल्यात टाकणं. उन्हाळ्यात तिला दुपारी डुंबायला पाणी किंवा अंगावर ओलं पोतं, कोठ्यावर पऱ्हाटीच्या किंवा तुराट्यांच्या ताट्या, अन् चारा रात्री-पहाटे थंड वेळेला. पाऊस पडल्यावर भाद्रपदात तपासून घ्या अन् थंडीत भरवायचं धरा. म्हैस साधारण ३१० दिवसांनी विते, म्हणजे कार्तिकात गाभण राहिली तर पुढच्या भाद्रपद-आश्विनात दुधावर, सणासुदीच्या भावात.

अजून एक उन्हाळ्याचंच, औषधाची बाटली. लेबलवर थंड ठेवा लिहिलेलं औषध मेडिकलवाल्याच्या फ्रीजमधून काढून मोटारसायकलच्या डिक्कीत घालून भर दुपारी २० किलोमीटर आणलं तर त्यात काय उरतं. पाण्याच्या थर्मासात बर्फाचे तुकडे, बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, बर्फाला थेट लागू न देता. पीएमएसजीची पावडर पाण्यात मिसळली की ठेवायची नाही, लगेच टोचायची.

भरवल्यावर

भरवल्याच्या तारखेपासून १८ ते २४ दिवस पुन्हा तेच, पहाटे-रात्री पाहणं. नाही उलटली म्हणजे गाभणच असं नाही. १९७१ मध्ये इंग्लंडात लेंग अन् हीप यांनी दाखवलं की गाईच्या दुधातही प्रोजेस्टेरॉन मोजता येतं, अन् त्यावरून गाभण ओळखायची चाचणी निघाली. २१ ते २४ व्या दिवशी दुधात प्रोजेस्टेरॉन कमी निघालं तर गाय रिकामी हे जवळजवळ नक्की, जास्त निघालं तर बहुतेक गाभण पण खात्री नाही. सोनोग्राफीत तिसाव्या दिवसाच्या आसपास कळतं, हातानं तपासायला दोन महिने थांबा. अन् तपासल्याशिवाय दुसऱ्यांदा पीजी, कधीच नाही.

तीनदा-चारदा स्वच्छ माज, स्वच्छ सोट, वेळेवर भरवलं, तरी उलटते, अशा गाईला भरवतानाच जीएनआरएच देतात, बीज उशिरा सुटत असेल तर त्यानं फायदा होतो. सगळ्याच उलटणाऱ्या गाईंना होतो असं नाही.

दोन सुया ज्या आपण स्वतः कधी टोचायच्या नाहीत

एक, ऑक्सिटोसिन. वासरू मेलं की गाय पान्हा चोरते, मग कोणीतरी पानटपरीवर छोटी बाटली आणून देतं. रोज धारेच्या आधी हे टोचणं जनावरांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे, अन् सवय लागली की गाय सुईशिवाय थेंब देत नाही. पान्हा हा तिच्या स्वतःच्या ऑक्सिटोसिननंच येतो, तो मिनिटाभरात सुटतो अन् पाच-सात मिनिटांत ओसरतो, एवढंच समजून धार काढा. १९४१ मध्ये अमेरिकेत ईली अन् पीटरसन यांनी धार काढताना गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं अन् कानाशी कागदी पिशव्या फोडल्या. गाय दचकली, ॲड्रिनलिन वाढलं अन् पान्हा थांबला. गोठ्यात कुत्रं हुसकणं, नवा माणूस, मोठ्यानं भांडण, दिवाळीत फटाके, हे त्या मांजराचंच काम करतात. ठरलेली वेळ, ठरलेला माणूस, कोमट पाण्यानं कास धुणं-चोळणं, समोर आंबोण, अन् कास चोळल्यावर मिनिटाभरात धारेला बसायचं, बसल्यावर फोन घ्यायचा नाही. वासरू मेलेली गाय आठ-पंधरा दिवस त्रास देते, मग बहुतेक वासराशिवायही पान्हा सोडते.

दोन, डेक्सा. ताप आला, सूज आली की गावातला इंजेक्शनवाला डेक्सामेथासोन मारतो, जनावर दुसऱ्या दिवशी टवटवीत, सगळे खुश. पण हे स्टेरॉइड आहे, अन् गाभणीच्या शेवटच्या महिन्यांत ते वासराच्या स्वतःच्या कॉर्टिसॉलसारखं वागतं. वीण कधी सुरू करायची हे पोटातलं पिल्लूच ठरवतं, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स यांनी मेंढ्यांवर शोधलं, अन् १९६९ मध्ये त्यांना दिसलं की असं औषध पोटातच दिलेली अपुऱ्या दिवसांची कोकरंही श्वास घेतात, फुप्फुसं लवकर पिकलेली. त्यावरूनच अपुऱ्या दिवसांत बाळंत होणाऱ्या बायांना अशा जातीचं इंजेक्शन द्यायला सुरुवात झाली अन् आजही सरकारी दवाखान्यात देतात. गाईत मात्र नकळत दिलं तर सातव्या-आठव्या महिन्यात वासरू बाहेर अन् जार आतच. म्हणून ताप असो की लंगडणं, टोचायला आलेल्याला पहिलं वाक्य हेच, "गाय इतक्या महिन्यांची गाभण आहे".

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा नंबर आहे, अन् जुनाट वांझपणाच्या केसा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या पदव्युत्तर पशुवैद्यक संस्थेत पाहतात. फोन करताना कॅलेंडर हातात घेऊनच करा, व्याल्याची तारीख, शेवटचा माज, शेवटचं रेतन अन् चिकटवलेल्या कागदावरचं औषधाचं नाव वाचून दाखवा, अन् येतो म्हणाले तर गाय सकाळीच चरायला सोडून देऊ नका.